जालन्याचं स्टेशन, जालन्याची शाळा आणि आपण

 

आज हप्ता, कर्ज, व्याज यातलं काही बोलणार नाही. आज आम्ही दोन जुन्या गोष्टींविषयी बोलणार आहोत. एक रेल्वेचं स्टेशन आणि दुसरी शाळा. या दोन्ही आपल्या जिल्ह्यात कशा आल्या, कुणासाठी आल्या, आणि आपण बाया त्यांत कधी शिरलो, हे थोडं शोधून पाहिलं. ते तुम्हांला सांगावंसं वाटलं.

हे डोक्यात आलं कसं, तेही सांगतो. 2023 च्या दिवाळीच्या आसपास आपल्या भागात घरोघरी जुने कागद शोधणं चाललं होतं. कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. खासरा पत्रक, जुने सातबारे, आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. आमच्या गटातल्या चार-पाच जणी आपापल्या घरच्यांबरोबर एका जुन्या शाळेत गेल्या. गुरुजींनी कपाटातून रजिस्टर काढलं. कागद पिवळा पडलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. सुरुवातीची पानं उर्दूत, त्यातलं एक अक्षर आम्हांला लागेना. पुढची पानं मराठीत. सगळे आजोबा-पणजोबांची नावं शोधत होते. आमच्यातली एक जण मात्र सहज म्हणाली, "यात आपल्या आज्यांची नावं कुठंयत?"

मग आम्ही बोट फिरवत पानामागून पान पाहिलं. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. मुलींची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. आणि जी होती, त्यांच्या पुढं शेवटच्या रकान्यात दोनच शब्द: "सतत गैरहजर". ते दोन शब्द वाचून आम्ही गप्प झालो. ती पोरगी गैरहजर का होती, ती कुठं होती, हे लिहायला रजिस्टरात रकाना नाही.

त्या दिवसापासून शोध सुरू झाला. आता पहिल्यापासून सांगतो.

आपला जिल्हा तसा वयानं लहान. 1 मे 1981 ला औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला, परतूर तेवढं परभणीकडून आलं. पण जालना गाव जुनं, व्यापारी. "जालना सोने का पालना" हे तुम्ही ऐकलंच असेल. कापसाचा, धान्याचा बाजार इथं पूर्वीपासून. 23 सप्टेंबर 1803 ला आपल्याच जिल्ह्यातल्या असई गावाजवळ इंग्रज आणि मराठे यांची मोठी लढाई झाली. त्यानंतर इंग्रजांच्या हाताखालच्या फौजेची छावणी जालन्यात राहिली. मुलूख मात्र निजामाचा, हैदराबाद संस्थानाचा. म्हणजे पुण्यात 1848 साली सावित्रीबाईंनी मुलींना शिकवायला घेतलं, तेव्हा आपण वेगळ्या राज्यात होतो. सावित्रीबाईंचा फोटो आज आपल्या प्रत्येक गटाच्या बैठकीत असतो, पण त्यांच्या काळात त्यांचं नाव इथल्या खेड्यापर्यंत पोचायला ना रस्ता होता, ना रेल्वे, ना वर्तमानपत्र.

तरी शाळा अगदी नव्हत्या असं नाही. पंतोजीची शाळा होती, मशिदीतला मक्तब होता. पण त्या ठराविक घरच्या मुलांसाठी. ज्यांना कुणी ओसरीवर उभं करत नव्हतं, त्यांच्यासाठी जालन्याच्या परिसरात पहिल्यांदा शाळा काढणाऱ्यांत एक नाव घ्यावं लागतं: रेव्हरंड नारायण शेषाद्री. हे मूळचे ब्राह्मण. 1843 मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यावरून तेव्हा मोठं वादळ उठलं. 1860 नंतर ते स्कॉटिश मिशनचं काम घेऊन जालन्याला आले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांना जालन्याजवळ जमीन मिळाली. तिथं त्यांनी बेथेल नावाचं गावच वसवलं. देऊळ म्हणजे चर्च, शाळा, शेती, कारागिरी. वस्तीत बहुतेक मांग आणि महार समाजातली माणसं. हा माणूस 1873 साली पागोटं घालून अमेरिकेत न्यूयॉर्कच्या सभेला जाऊन आला. आणि जालन्याला मात्र बैलगाडीनं यावं लागायचं, कारण रेल्वे अजून आलेलीच नव्हती.

इथं कुणी म्हणेल, ते तर धर्म वाढवायला आले होते. खरं आहे, आले होते. आम्ही ते लपवत नाही. पण ज्या मुलाला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, त्याच्या हातात पाटी देणारं दुसरं कोण होतं, हाही प्रश्न विचारायला पाहिजे. आमच्या गटात यावर एकदा चांगलीच वादावादी झाली. तिचा निकाल लागला नाही, लागायची गरजही नाही. म्हणून दोन्ही बाजू सांगितल्या.

आता रेल्वे. भारतात पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला धावली, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. आपल्याकडं रूळ यायला त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं लागली. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारा हा मार्ग. नाव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. 1900 च्या सुमारास तो सुरू झाला. बांधला तो निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे या कंपनीनं. "गॅरंटीड" म्हणजे काय, तर कंपनीनं लावलेल्या भांडवलावर ठराविक व्याज मिळेल अशी हमी निजाम सरकारनं दिली होती. गाडीला नफा होवो न होवो, व्याज पक्कं. आम्ही हे बैठकीत सांगितलं तर एक ताई म्हणाल्या, "अशी हमी आपल्या गटाच्या शेळ्यांना कुणी देतं का?" सगळ्या हसल्या. पण मुद्दा बरोबर होता. पैसा लावणाऱ्याची जोखीम राज्याच्या तिजोरीवर, आणि तिजोरी भरायची कुणी, तर शेतसारा भरणाऱ्यानं.

साल पण लक्षात घ्या. 1899-1900 म्हणजे छप्पनचा दुष्काळ. आजीच्या तोंडून "छप्पन्न्या" ऐकला असेल, तो हाच. संवत 1956, म्हणून छप्पन. एकीकडं माणसं-जनावरं अन्नावाचून मरत होती, आणि त्याच वर्षांत आपल्या जिल्ह्यातून रूळ टाकले जात होते.

रूळ टाकले ते कशासाठी? मुख्य म्हणजे मालासाठी. जालन्याचा कापूस बाहेर काढायचा होता. रेल्वे आली तशी जिनिंग-प्रेसिंग वाढली. कापसातली सरकी काढायची, रुई दाबून गाठी बांधायच्या, गाठी मालधक्क्यावर न्यायच्या, तिथून मनमाड, मनमाडहून मुंबई. यात एक अडचण होती आणि ती नव्वद वर्षं टिकली. आपला रूळ होता अरुंद, दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर. मुंबईकडचा रूळ रुंद. म्हणजे आपली गाडी मनमाडच्या पुढं जाऊच शकत नव्हती. प्रत्येक गाठ, प्रत्येक पोतं मनमाडला उतरवायचं आणि दुसऱ्या गाडीत चढवायचं. माणसांचंही तेच. लेकरू काखेत, वळकटी डोक्यावर, आणि फलाट बदलायचा. 1990 नंतरच्या वर्षांत रूळ रुंद झाले आणि मग कुठं आपली गाडी सरळ मुंबईला जाऊ लागली. 30 डिसेंबर 2023 ला तर जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली.

जिनिंगमध्ये कापूस वेचायला, निवडायला, सरकी गोळा करायला कोण होतं? बाया. कापूस वेचणीही बायांचीच. म्हणजे जो माल न्यायला रेल्वे आली, तो माल आपल्या आज्या-पणज्यांच्या हाताखालून गेलेला. पण गाडीत बसणाऱ्या त्या नव्हत्या. आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या आजींना विचारलं, "आजी, तुम्ही पहिल्यांदा रेल्वेत कधी बसलात?" त्या म्हणाल्या, "बसाया कशाला? रेल्वे म्या रोज बघायची. रुळाच्या कडंचं आमचं वावर. धाकल्या दिराला मात्र शाळंला जायाला पास काढला व्हता. त्याचा डबा म्या द्यायची." डबा बनवणाऱ्या आजी, पास दिराचा.

आता शाळा आणि स्टेशन एकत्र कसे येतात ते पाहा. निजामाच्या राज्यात सरकारी कारभाराची भाषा उर्दू. वरच्या वर्गांचं शिक्षणही उर्दूतच. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. मराठी बोलणाऱ्या पोराला घरी एक भाषा, शाळेत दुसरी. मराठीतून शिकायचं तर लोकांनी स्वतः शाळा काढायच्या. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, 1915 साली सरस्वती भुवन निघाली. त्याच शहरात पुढं मुलींसाठी शारदा मंदिर उभं राहिलं. हिप्परग्याला 1921 साली राष्ट्रीय शाळा निघाली, जिथं पुढं स्वामी रामानंद तीर्थ शिकवायला आले. पण अशा खाजगी शाळांना सरकारची आधी परवानगी लागेल, असा नियम निजाम सरकारनं केला आणि कित्येक शाळा बंद पडल्या. शाळा काढणं हीच चळवळ झाली. रामानंद तीर्थांसारखे शिक्षक मुक्तिसंग्रामाचे पुढारी झाले, ते काही योगायोगानं नाही.

मग ज्या पोराला चौथीच्या, सातवीच्या पुढं शिकायचंय, त्यानं काय करायचं? गाव सोडायचं. इथं रेल्वे कामाला आली. बदनापूर, जालना, रांजणी, परतूर, सातोना या रुळाकडेच्या गावांतला मुलगा गाडीत बसून जालन्याला, औरंगाबादला, पैसा असला तर थेट हैदराबादला जाऊ शकत होता. भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, मंठा इथल्या मुलाला आधी बैलगाडीनं स्टेशन गाठावं लागायचं. कापसासाठी टाकलेल्या रुळांवरून शिक्षण चालत आलं, असं म्हटलं तरी चालेल. पण आलं ते मुलांसाठी. मुलगी एकटी गाडीत बसून परगावी शिकायला जाईल, हे त्या काळी कुणाच्या मनातही येत नव्हतं.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. तो शाळेचा नाही, पण आपल्याच जिल्ह्याचा आहे. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांच्या विरोधात हत्यार घेऊन उभी राहिली, निरोप पोचवले. 2013 साली त्या वारल्या. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मोकळा झाला, त्यात त्यांचाही वाटा. झेंडावंदनाला आपण जातो, तिथल्या भाषणात त्यांचं नाव येतं का, कान देऊन ऐका.

1948 नंतर चित्र भराभर बदललं. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, ज्याला आपण मिलिंद म्हणतो. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातली पोरं तिथं शिकायला आली. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं. त्याच वर्षी जालन्यात जेईएस कॉलेज निघालं. त्याचं पूर्ण नाव कधी नीट वाचलंय का? आर. जी. बगडिया, एस. बी. लखोटिया, आर. बेझनजी. मारवाडी आणि पारशी घराण्यांची नावं. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगाव, वाडी-तांड्यांवर प्राथमिक शाळा पोचल्या. आपल्यातल्या बहुतेकींचा पहिला वर्ग तिथलाच.

जाता जाता एक लांबची गोष्ट. अमेरिकेत पश्चिमेकडं वस्ती वाढायला लागली, तेव्हा 1785 च्या कायद्यानं जमीन मोजताना छत्तीस तुकड्यांचा एक गट पाडायचे, आणि त्यातला एक तुकडा शाळेसाठी राखायचे. गाव वसायच्या आधीच शाळेची जमीन ठरलेली. पुढं 1869 मध्ये तिथं देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेल्वे जोडली गेली, स्टेशनाभोवती शहरं उठली, आणि शाळेसाठी ठेवलेला तुकडा तिथं होताच. अर्थात ती जमीन तिथल्या मूळ आदिवासींकडून काढून घेतलेली, हेही विसरायचं नाही. पण मोजणीच्या नकाशात शाळा आधी मांडायची, ही कल्पना आम्हांला फार आवडली. कारण सांगतो.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारनं जालना-जळगाव नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. 174 किलोमीटर. राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा या बाजूनं. ज्या भोकरदनच्या पोराला बैलगाडीनं स्टेशन गाठावं लागायचं, त्याच्या दारातून आता रूळ जाणार. चांगलं आहे, व्हायलाच पाहिजे. मोजणी होईल, जमिनीचे दर ठरतील, मोबदल्यावर घरोघरी बोलणी होतील. पण त्या बोलण्यात एक प्रश्न राहून जातो: शाळा रुळाच्या कोणत्या बाजूला राहणार?

हा प्रश्न आम्ही हवेत विचारत नाही. जुन्या रुळाकडेच्या एका गावात आमचे तीन गट आहेत. गावाचं नाव घेत नाही. वस्ती रुळाच्या अलीकडं, हायस्कूल पलीकडं. पूर्वी तिथं फाटक होतं. फाटक गेलं, खाली भुयारी मार्ग झाला. उन्हाळ्यात ठीक. पण मृग बरसला की त्यात गुडघ्याएवढं पाणी, कधी कमरेएवढं. मोठी माणसं रूळ ओलांडून जातात, जे जाऊ नये. लहान मुलांना खांद्यावर घेतात. आठवी-नववीच्या मुलीला मात्र घरचे म्हणतात, "राहू दे आज." पावसाळ्यात अशा किती "आज" होतात ते मोजा. गेल्या वर्षी तिथल्या एका मुलीचं नाव हजेरीतून कमी झालं. दप्तरात कारण काय लिहिलं असेल? "सतत गैरहजर". म्हणून त्या जुन्या रजिस्टरातले ते दोन शब्द आम्हांला इतके टोचले.

2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शंभर बायांमागे साधारण साठ-एकसष्ट जणींनाच लिहिता-वाचता येत होतं, पुरुष ऐंशीच्या वर. आता वाढलं असेलच. गटाच्या रजिस्टरवर अंगठे कमी आणि सह्या जास्त झाल्यात, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो.

आता काही कामाच्या गोष्टी, लिहून घ्या. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींना घरापासून शाळा-कॉलेजपर्यंत पदवी होईस्तोवर मोफत मिळतो. शाळेचा दाखला घेऊन स्टेशनवर विचारायचं. एसटीचा पास बारावीपर्यंत मुलींना मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. मानव विकासच्या निळ्या बस मुलींसाठीच आहेत. ती बस आपल्या फाट्यावर थांबत नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या, नुसतं तोंडी सांगून होत नाही. आणि नव्या मार्गाच्या मोजणीचे लोक गावात आले, तर चहा द्या, पण आधी नकाशा पाहायला मागा. शाळा कुठं, अंगणवाडी कुठं, पाणवठा कुठं, आणि रूळ ओलांडायची वाट कुठं. भुयारी मार्ग ठेवणार असाल तर पावसाचं पाणी काढायची सोय काय, हे कागदावर मागा.

भोकरदन बाजूच्या पाच गटांनी हे काम घेतलंय. त्यांनी वहीच्या पानावर आपापल्या गावाचा नकाशा काढलाय, चुना-हळदीनं रंगवून. शाळेला लाल खूण केली आहे. एका नकाशात रूळ अजून नाहीत, तिथं नुसती पेन्सिलची पुसट रेघ आहे. कारण मोजणी अजून त्यांच्या शिवारात आलेली नाही.

आणि आजी? मागच्या महिन्यात महिला मेळाव्याला आम्ही सगळ्या जालन्याहून गाडीनं गेलो. आजींना खिडकीजवळ बसवलं. त्यांचं वावर आलं तेव्हा त्यांनी बोट दाखवून सांगितलं, "ते बघा, तिथं उभी राहून म्या गाडी बघायची." मग नातीकडं वळून म्हणाल्या, "तुझा पास कुठंय गं? दाखव." नातीनं कॉलेजचा पास काढून हातात दिला. आजींना वाचता येत नाही. त्यांनी तो उलटा धरून बराच वेळ पाहिला, आणि तिकीट तपासनीस आला तेव्हा नातीच्या आधी त्यांनीच तो पुढं केला.